प्रीतीने एकमेकांचे दास: ख्रिस्ती स्वातंत्र्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय अभ्यासाला घेतला की पहिल्याच वचनापाशी चेहरे उजळतात. ख्रिस्ताने आपल्याला स्वतंत्र केले, आता पुन्हा दासत्वाच्या जुवाखाली जाऊ नका, असे तिथे लिहिले आहे. प्रीतीने एकमेकांचे दास व्हा, या तेराव्या वचनापर्यंत पोचलो की मात्र चुळबुळ सुरू होते. आत्ताच स्वतंत्र म्हणालात ना, मग लगेच एकमेकांचे दास कसे? हा अभ्यास घेताना माझ्यापुढे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. काही सर्वांसमक्ष विचारलेले आहेत, तर काही उपासना संपल्यावर दाराशी थांबून, आवाज खाली आणून विचारलेले.

ख्रिस्ती माणूस स्वतंत्र आहे म्हणजे नेमका कशापासून?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात हाच प्रश्न निघाला होता. सत्य तुम्हाला बंधमुक्त करील, असे येशू म्हणाला, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते लागले. आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधी कुणाच्या दास्यात नव्हतो, असे ते म्हणाले. हे बोलताना त्यांच्यावर रोमचे राज्य होते आणि मागे मिसर (इजिप्त) व बाबेलमधल्या दास्याचा सगळा इतिहास होता. येशूने त्यातले काहीच काढले नाही. जो कोणी पाप करतो तो पापाचा दास आहे, एवढेच तो म्हणाला. म्हणजे आपल्याला सोडवून घ्यायचे आहे ते आधी आपल्याच आतल्या धन्यापासून.

पौल याला आणखी एक बाजू जोडतो. पापाचे दास्य असते तसेच पुण्य कमावण्याचेही दास्य असते. देवाने आपल्याला आपले म्हणावे म्हणून सतत काहीतरी करून दाखवत राहायचे, आणि केलेले पुरेसे झाले की नाही या धाकात झोपी जायचे. हे दुसरे दास्य ओळखायला कठीण जाते, कारण ते भक्तीचे कपडे घालून येते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की तुम्हाला पुन्हा भीती बाळगावी लागेल असा दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, तर दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, ज्याच्या योगे आपण देवाला अब्बा, बापा, अशी हाक मारतो. दास काम चुकले की घराबाहेर जातो. मुलगा चुकला तरी मुलगाच राहतो. ख्रिस्ती स्वातंत्र्याची सुरुवात या नात्यापासून होते.

गलतीकरांस पत्रात एवढा वाद कशावरून पेटला होता?

गलतिया हा आजच्या तुर्कस्तानाच्या मध्यभागातला प्रांत. तिथल्या मंडळ्यांत बहुतेक लोक यहूदी नव्हते. पौलाने सुवार्ता सांगितली, त्यांनी विश्वास ठेवला. त्याच्या मागोमाग काही शिक्षक आले आणि सांगू लागले की ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे चांगलेच, पण पुरुषांची सुंता झाली पाहिजे आणि नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे धर्मनियम, पाळले पाहिजे, तरच तुम्ही देवाच्या लोकांत पक्के बसाल.

ऐकायला हे निरुपद्रवी वाटते. थोडी जास्तीची भक्ती, त्यात काय बिघडले? पौलाला मात्र त्यात सगळेच बिघडलेले दिसले. त्याची बाकीची बहुतेक पत्रे वाचकांसाठी देवाचे आभार मानून सुरू होतात, इथे तो आभार गाळून थेट म्हणतो की तुम्ही इतक्या लवकर दुसऱ्याच सुवार्तेकडे वळलात याचे मला आश्चर्य वाटते. शेवटी लेखणी स्वतःच्या हातात घेऊन मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहितो. तारण देवाच्या कृपेने मिळते, असे म्हणून त्याला एक अट जोडली की कृपा उरत नाही, मजुरी उरते, हे त्याचे म्हणणे होते.

दुसऱ्या अध्यायातली अंत्युखिया शहरातली घटना मला या पत्राचा गाभा वाटते. येशूचा शिष्य पेत्र तिथे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसत असे. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून काही माणसे आली आणि तो हळूहळू मागे सरू लागला, वेगळा बसू लागला. बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर खडसावले. पेत्राची शिकवण बदलली नव्हती. बदलली होती ती त्याची बसण्याची जागा, आणि तीही लोक काय म्हणतील या भीतीने. जो माणूस लोकांच्या मताला बांधलेला असतो तो शेजारी बसलेल्या भावावर प्रीतीही करू शकत नाही. स्वातंत्र्य आणि प्रीती या एकाच गोष्टीच्या दोन बाजू कशा आहेत, हे त्या एका पंगतीत दिसते.

मग एकाच अध्यायात स्वतंत्र आणि दास हे दोन्ही कसे?

मूळ ग्रीकमध्ये हा धक्का अधिक जोरात बसतो. पाचव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात ज्या दासत्वाच्या जुवाखाली जाऊ नका म्हटले आहे, त्याच शब्दकुळातले क्रियापद तेराव्या वचनात आहे. सेवेसाठी ग्रीकमध्ये दुसरे, सौम्य शब्द होते. पौलाने मुद्दाम दास होण्याचा शब्द निवडला. फक्त त्याला दोन शब्द जोडले, प्रीतीने आणि एकमेकांचे. त्या दोन शब्दांनी सगळा अर्थ पालटतो. भीतीने केलेले दास्य लादलेले असते, प्रीतीने केलेले स्वतः पत्करलेले. आणि सगळेच एकमेकांचे दास असतील तर कायमचा धनी कुणीच उरत नाही.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. आपण थेट पाण्याच्या भांड्याकडे आणि कमरेच्या रुमालाकडे जातो. त्याआधीचे वचन थांबून वाचायला हवे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे ओळखून येशू भोजनावरून उठला, असे योहान लिहितो. आपण कोण आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते, म्हणून गुडघे टेकताना त्याचे काही कमी होणार नव्हते. आपल्याला खाली वाकायची भीती वाटते ती बहुधा याच कारणाने, की आपण कोण आहोत याची खात्री नसते आणि वाकलो तर लोक आपल्याला तेवढेच समजतील असे वाटते.

मार्टिन लूथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभी त्याने दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली. ख्रिस्ती माणूस सर्वांवर स्वतंत्र धनी आहे, कुणाच्याही अधीन नाही. आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे, सर्वांच्या अधीन आहे. पहिले विधान विश्वासाविषयी आहे, दुसरे प्रीतीविषयी. देवासमोर उभे राहायला मला माझ्या कामांची गरज नाही, म्हणून ती कामे शेजाऱ्यासाठी मोकळी होतात. देवाला त्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. मला हा विचार फार वर्षे अडकलेल्या दाराची किल्ली मिळावी तसा भेटला.

तारण कृपेने मिळते तर कसेही वागले तरी चालेल का?

नाही. ही शंका इतकी जुनी आहे की पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ती स्वतःच विचारून तिचे उत्तर दिले आहे. गलतीकरांना तो म्हणतो की स्वातंत्र्याने देहवासनांना वाव मिळू देऊ नका. तिथला वाव या अर्थाचा ग्रीक शब्द सैन्याच्या तळासाठीही वापरत, जिथून मोहीम निघते ती जागा. तुमचे स्वातंत्र्य हे देहस्वभावाने येऊन तळ ठोकण्याची जागा होऊ देऊ नका, असे ते चित्र आहे.

देहस्वभाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्यभिचार आणि दारू येते. पौलाच्या यादीत तेही आहे. पण त्याच यादीत वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी हेही आहे, आणि ते बरेच आहे. पंधराव्या वचनात तो म्हणतो की तुम्ही एकमेकांना चावता व खाऊन टाकता तर एकमेकांचा नाश होईल, जपा. व्यसन नाही, सिनेमा नाही, पण जिभेने रोज कुणाला तरी चावतो, असा माणूसही देहस्वभावाच्या तळावरच राहतो.

म्हणजे नियमशास्त्र आता निरुपयोगी झाले का?

पौल त्याला बालरक्षक म्हणतो. त्या काळी सुखवस्तू घरात मुलाला शाळेत नेण्या-आणण्यासाठी आणि त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक दास नेमलेला असे. मूल मोठे झाले की त्याचे काम संपे. बालरक्षक वाईट होता म्हणून तो जात नसे. मुलगा वयात आला म्हणून जात असे. सगळे नियमशास्त्र एका वचनात पूर्ण होते, असे सांगून पौल जे वचन देतो, आपल्यासारखी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर, ते लेवीय १९:१८ मधलेच आहे. नियम गेला नाही. तो बाहेरच्या देखरेखीतून आतल्या प्रीतीत उतरला.

पौलाने तीमथ्याची सुंता केली आणि तीताची करू दिली नाही. हा दुटप्पीपणा नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बायबल नीट वाचलेले असते, म्हणून मला तो आवडतो. तीत आणि तीमथ्य हे दोघे पौलाचे तरुण सहकारी. तीत ग्रीक होता. यरुशलेमेत काहींनी त्याच्या सुंतेचा आग्रह धरला, तारणाची अट म्हणून. पौल क्षणभरही नमला नाही. तीमथ्याची आई यहूदी होती, बाप ग्रीक होता. तो पौलाबरोबर अशा गावांत जाणार होता जिथल्या यहूदी लोकांना हे ठाऊक होते. त्यांच्यापर्यंत पोचण्यात अडथळा नको म्हणून पौलाने त्याची सुंता केली, आणि ती यरुशलेमेच्या सभेने सुंता सक्तीची नाही असे ठरवल्यानंतर.

कृती एकच, पण एकदा ती मागितली गेली देवासमोर नीतिमान ठरण्यासाठी, आणि एकदा दिली गेली माणसांवरच्या प्रीतीसाठी. पहिल्या वेळी हो म्हणणे दास्य झाले असते, दुसऱ्या वेळी नाही म्हणणे हट्ट. ख्रिस्ती स्वातंत्र्याचे तयार कोष्टक कुणी मागितले तर मी या दोन गोष्टी पुढे ठेवते. कोष्टक करता येत नाही हे त्यातून कळते.

दुसऱ्याला अडखळण होऊ नये म्हणून मी किती गोष्टी सोडायच्या?

करिंथच्या मंडळीत मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यावरून असाच तिढा पडला होता. ज्यांचे ज्ञान पक्के होते ते म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, खाल्ले तर काय झाले? पौल त्यांचे ज्ञान मान्य करतो. पण ज्ञान फुगवते, प्रीती उभारणी करते, असे सांगतो. ज्या भावासाठी ख्रिस्त मेला त्याची सद्सद्विवेकबुद्धी माझ्या खाण्याने घायाळ होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असे तो स्वतःबद्दल म्हणतो.

इथे एक फरक मात्र जपायला हवा. दुर्बळ म्हणजे ज्याचा विश्वास खरोखर डळमळेल तो. माझे वागणे ज्याला केवळ आवडत नाही, किंवा जो नाराजीच्या जोरावर सगळ्या मंडळीला आपल्या मर्जीप्रमाणे चालवू पाहतो, तो या अर्थाने दुर्बळ नाही. अंत्युखियात पेत्र ज्यांच्या धाकाने मागे सरला त्यांच्यासाठी पौलाने पंगत मोडू दिली नाही.

माझ्या मनात प्रेमच नाही. तरीही सेवा केली तर ते ढोंग होईल ना?

या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून देऊ शकत नाही. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका वृद्ध बाईंची शुश्रूषा माझ्या वाट्याला आली. आमच्यात जुने दुखणे होते, आणि चूक माझी नव्हती असे मला तेव्हा ठाम वाटे. पहिले काही आठवडे मी सगळे वेळेवर केले आणि मनात एकेक गोष्ट मोजत राहिले. आज किती वेळा उठले, किती वेळा चादर बदलली, त्यांनी एकदा तरी विचारले का मी जेवले की नाही. एका रात्री त्या लाजून म्हणाल्या, तुला फार त्रास होतो गं. मी तोंडाने नाही म्हणाले आणि बाहेर येऊन रडले. मी त्यांची सेवा करत नव्हते. मी पुरावा गोळा करत होते, मी चांगली आणि त्या वाईट याचा.

त्या रात्री प्रार्थनेत मी एवढेच म्हणाले की प्रभू, माझ्याकडे प्रीती नाही, तुझ्याकडची दे. दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. चादर तशीच बदलायची होती. पण मोजणे कमी झाले, आणि काही दिवसांनी त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी ऐकायला मी थोडी जास्त वेळ बसू लागले. भावना नंतर आली, तीही पूर्ण नाही. आजही त्या जुन्या दुखण्याची आठवण कधीतरी टोचते.

नव्या करारातली प्रीती आधी भल्यासाठी उचललेले पाऊल असते, मग भावना. ढोंग तेव्हा होते जेव्हा नसलेल्या भावनेचे प्रदर्शन मांडतो. नाही ते देवापाशी कबूल करून हाताशी आलेले काम करणे हे ढोंग नाही. आत्म्याचे फळ या शब्दांत फळ हा शब्द ग्रीकमध्ये एकवचनी आहे. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन हे सगळे मिळून एक फळ. ते धरायला ऋतू लागतो.

सेवा म्हणजे घरातली मारहाण आणि अपमानही सहन करायचा का?

नाही, आणि हे मी जितक्या स्पष्टपणे सांगता येईल तितके सांगते. हा प्रश्न दाराशी थांबून, बहुधा बाईच विचारते. कुणीतरी तिला आधीच सांगितलेले असते की वधस्तंभ उचल, प्रार्थना कर, तो बदलेल.

वचनात एकमेकांचे असे म्हटले आहे. एकानेच कायम वाकायचे आणि दुसऱ्याने कायम हात उगारायचा, याला पौल जे म्हणतो ते नाव लागूच होत नाही. मारणाऱ्याच्या हातात तुमचे शरीर देत राहण्याने त्याचेही भले होत नाही, कारण त्याचे पाप रोज पोसले जाते. आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात लिहिले आहे की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही.

स्वतः येशूला महायाजकाच्या चौकशीत एका शिपायाने चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पौलाला पकडायला पहारा बसला तेव्हा तो टोपलीत बसून गावकुसाच्या भिंतीवरून निसटला. यरुशलेमेत त्याला फटके मारायला बांधले तेव्हा मी रोमी नागरिक आहे, हे तुम्हाला कायद्याने चालते का, असे त्याने विचारले. म्हणजे निसटणे, जाब विचारणे, कायद्याचा आधार घेणे हे तिन्ही प्रेषितांच्या वाटेवर आहे. तुम्ही या अवस्थेत असाल तर आधी सुरक्षित जागी जा, विश्वासू माणसाला सांगा, पोलिसांची आणि डॉक्टरांची मदत घ्या. क्षमेचा प्रवास सुरक्षित अंतरावरूनही करता येतो, आणि क्षमा केली म्हणजे त्याच घरात परतले पाहिजे असे नाही.

सेवा करून करून मी थकले आहे. हा माझ्या विश्वासाचा दोष आहे का?

बहुतेक वेळा हा विश्रांतीचा अभाव असतो. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशूने संध्याकाळी पुष्कळ रोगी बरे केले, पहाटे तो एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुझा शोध करत आहेत. त्याचे उत्तर ऐकून मी नेहमी थांबते. आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, तो म्हणाला. दाराशी लोक उभे होते आणि तो गेला. प्रत्येक गरज ही हाक नसते, हे देवाच्या पुत्रानेही पाळले.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसरे वचन म्हणते एकमेकांची ओझी वाहा, आणि पाचवे म्हणते प्रत्येकाने आपला भार वाहिला पाहिजे. यात विसंगती नाही. ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. पहिला चिरडून टाकणाऱ्या वजनासाठी येतो, दुसरा ज्याने त्याने उचलायच्या स्वतःच्या भारासाठी. आजार, शोक, कर्ज, एकटेपणा यांच्याखाली माणूस दबला असेल तर खांदा द्या. पण धडधाकट माणसाचा रोजचा भार कायम उचलत राहिलात तर तुम्हीही वाकाल आणि त्याचेही पाय कमजोर राहतील.

थकव्याचे आणखी एक कारण असते, ते जरा अवघड आहे. आपल्याला नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटले तर लोकांच्या नजरेतून उतरू अशी भीती असते. तो थकवा झोपेने जात नाही. त्याच्यासाठी पुन्हा पाचव्या अध्यायाच्या पहिल्या वचनाकडे जावे लागते.

याच वचनांच्या आधारे लोकांनी गुलामगिरीचे समर्थन केले. त्याचे काय?

केले, आणि ख्रिस्ती लोकांनी ते मान खाली घालून कबूल केले पाहिजे. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलचे निवडक भाग छापले गेले. त्यातून जुन्या कराराचा बहुतेक भाग आणि नव्या कराराचा जवळपास निम्मा भाग वगळला होता. इस्राएल लोकांना मिसराच्या दास्यातून सोडवल्याची कथा त्यात नव्हती. दास व स्वतंत्र असा भेद ख्रिस्त येशूमध्ये नाही, हे गलतीकरांस पत्राचे वचनही नव्हते. दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा, हे मात्र ठेवले होते.

कात्री कुठे चालली यावरून कळते की मालकांना कोणत्या पानांची भीती वाटत होती. पूर्ण बायबल हाती पडले तर माणूस सुटकेची ती कथा सांगणारे निर्गम हे पुस्तक वाचेल, आणि मग त्याला गप्प बसवता येणार नाही, हे त्यांना समजले होते. फिलेमोनाला पौलाने लिहिलेले छोटे पत्र याच संदर्भात वाचावे. तुझा पळून गेलेला दास अनेसिम परत येतो आहे, त्याला आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून घे, मला घेशील तसा घे, आणि त्याचे काही देणे असेल तर माझ्या खात्यावर लिही, असे पौल म्हणतो.

बाहेरचे स्वातंत्र्यच नसेल, तर आतल्या स्वातंत्र्याला काय अर्थ?

बाहेरचे स्वातंत्र्य क्षुल्लक आहे असे मी कधीच म्हणणार नाही, मागचे उत्तर लिहिल्यानंतर तर नाहीच. पण फिलिप्पैच्या बंदिशाळेतली रात्र पाहा. पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्री स्तोत्रे गात होते. भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळल्या. बंदिशाळेच्या नायकाला वाटले कैदी पळाले, म्हणून त्याने आत्महत्येसाठी तलवार उपसली. पौल मोठ्याने ओरडला, स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सर्व येथेच आहोत. दार उघडे असूनही तो एका माणसाच्या जिवासाठी आत थांबला. थोड्या वेळाने त्याच नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या. त्या घडीला त्या दोघांत कैदी कोण आणि पहारेकरी कोण, हे सांगता येत नाही.

१९४१ साली नाझींच्या आउश्वित्झ छावणीत एक कैदी बेपत्ता झाल्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपासमारीने मारायचे ठरले. त्यातल्या एकाने बायकोमुलांच्या नावाने आक्रोश केला. माक्सिमिलियन कोल्बे हा पोलिश धर्मगुरू रांगेतून पुढे आला आणि याच्या जागी मला घ्या म्हणाला. १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्याला विषारी इंजेक्शन देऊन मारले. ज्याच्या जागी तो गेला तो माणूस छावणीतून जिवंत सुटला.

सेवा फक्त विश्वासणाऱ्यांची करायची की सर्वांची?

सर्वांचे, विशेषकरून विश्वासाच्या घराण्यातल्यांचे बरे करावे, असे गलतीकरांस ६:१० सांगते. विशेषकरून म्हटले आहे, केवळ म्हटलेले नाही. येशूच्या दृष्टान्तातल्या शोमरोन्याने, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत आणि जे वेगळ्या डोंगरावर उपासना करत अशा लोकांतल्या एकाने, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नाही, आणि बरा झाल्यावर माझ्या डोंगरावर उपासनेला ये असेही सांगितले नाही. सेवेच्या बदल्यात कुणाचा विश्वास मागणे म्हणजे सौदा. सुवार्ता सांगायला मला लाज वाटत नाही, मी ती सांगते. पण ती ऐको न ऐको, औषधाची बाटली त्याला मिळालीच पाहिजे.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे येतेच. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा लंडनमधल्या फुलहॅम इथे त्यांनी ख्रिस्ती भगिनींना, समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करताना पाहिले. हे कशासाठी करता, या त्यांच्या प्रश्नाला भगिनींनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. त्यांच्यावर आधी प्रभाव पडला तो सेवेचा. त्या वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनी लिहिले की त्यानंतरही काही वर्षे मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. तारण ही देवाची देणगी आहे, कमाई नव्हे, हे त्यांना नंतर उमगले. दुष्काळातल्या शेकडो निराधार मुली आणि विधवा त्यांनी ज्या जागी आणल्या, तिचे नाव त्यांनी मुक्ती ठेवले.

मी अंथरुणाला खिळलेला आहे. मी कुणाची काय सेवा करणार?

सेवा करून घेणे हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. पेत्राला ती जमत नव्हती, माझे पाय कधीही धुवायचे नाहीत असे तो म्हणाला. संकोच न करता, उपकाराखाली दबून न जाता हात पुढे करणारा आजारी माणूस देणाऱ्यालाही मोकळे करतो. आणि प्रार्थनेसाठी पाय लागत नाहीत. माझ्यासाठी नावानिशी प्रार्थना करणाऱ्या एक आजी कित्येक वर्षे खाटेवरच होत्या.

ज्यांची सेवा केली ते आभारही मानत नाहीत. तेव्हा काय करावे?

वाईट वाटते, आणि वाईट वाटणे पाप नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला तेव्हा येशूनेही विचारले, नऊ जण कोठे आहेत? ते त्याला जाणवले होते. पण त्या नऊ जणांचा कुष्ठरोग परत आला असे लूकने कुठे लिहिलेले नाही. आणि पाय धुतले त्या रात्री, येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत उठून बाहेर गेला तो पाय धुऊन झाल्यानंतर.

या विषयावर बायबलमध्ये आधी काय वाचू?

गलतीकरांस पत्र सहाच अध्यायांचे आहे. एका बैठकीत, मोठ्याने वाचा. ते मुळात मंडळीत वाचून दाखवण्यासाठीच लिहिले होते. पौलाचा आवाज कुठे चढतो आणि कुठे भरून येतो ते तसे वाचल्यावरच कळते, विशेषतः चौथ्या अध्यायात, जिथे तो त्यांना माझ्या मुलांनो म्हणतो. तिसऱ्या अध्यायात अब्राहामाच्या वचनदत्ताचा युक्तिवाद जड गेला तर तिथे अडकून बसू नका, पुढे जा, दुसऱ्या वाचनात तो सुटतो. मग योहान १३, रोमकरांस १४ आणि फिलेमोनाचे पत्र घ्या. फिलेमोनाच्या पत्रात २५च वचने आहेत. एकटे वाचण्यापेक्षा कुणाला तरी सोबत घेऊन वाचा, आणि शक्य असेल तर तो असा कुणी असावा ज्याच्याशी तुमचे अलीकडे बिनसले आहे.